काचेच्या पेटीतले शेजारी

(प्रौढांच्या रात्रवर्गापुढे दिलेले भाषण)



आपल्या रात्रवर्गाने वर्गणी काढून माशांसाठी काचेची पेटी आणली आहे. ती तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. आता तीत मासे सोडावयाचे, पाणवनस्पती लावावयाच्या आणि ती वाचनालयात ठेवावयाची, असे ठरले आहे. मुले येतील, म्हातारीकोतारी येतील, दोन घटका पाहत उभी राहतील. बेत चांगला आहे. पण बाजारात जाण्याआधी आपण थोडे बोलून घ्यावे, असे आम्हांला वाटले.

कारण पुष्कळ ठिकाणी काय होते, ते पाहा. मंडळी हौसेने दुकानात जातात. दोन तांबडे मासे घेतात, एक काळा घेतात, चार पट्ट्यापट्ट्यांचे घेतात. कोणी म्हणते, ‘तो बघा, किती छान!’ की तोही पिशवीत जातो. आठ दिवसांत एक मरतो. पंधरा दिवसांत दोघांच्या शेपट्या फाटलेल्या दिसतात. महिन्याने एकच मोठा मासा उरतो, पाणी हिरवे होते, आणि पेटी माळ्यावर चढते. मग लोक म्हणतात, ‘आपल्याला मासे लाभत नाहीत.’

लाभण्या-न-लाभण्याचा हा प्रश्न नव्हे. चुकते ती निवड. मासा सुंदर आहे एवढेच पाहून घेतला. तो कोणाबरोबर राहणार आणि कोणत्या पाण्यात राहणार, हे कोणी पाहिले नाही. घरात सून आणताना, वाड्यात भाडेकरू ठेवताना आपण चार गोष्टी विचारतो की नाही? मग मुक्या जिवांच्या बाबतीत का विचारू नये?

पेटी म्हणजे नदी नव्हे

कोणी म्हणेल, ‘नदीत तर सगळे मासे एकत्र राहतात. मग पेटीत का राहणार नाहीत?’ प्रश्न बरोबर आहे. पण नदीत जागा असते. मोठा मासा अंगावर आला, तर लहान मासा कपारीत शिरतो, गवतात दडतो, नाही तर लांब निघून जातो. पेटीत तो कोठे जाणार? तीन फुटांवर काच. माघारी फिरला, की पुन्हा काच. रात्रंदिवस तोच शेजारी आणि तीच मारामारी. कित्येक मासे तर चावण्याने मरत नाहीत. ते भीतीने कोपऱ्यात बसतात, खाणे सोडतात, झिजतात आणि रोगाला बळी पडतात.

दुसरी गोष्ट. दुकानात काचेला काच लावून मासे ठेवलेले असतात. त्यामुळे ते सगळे एका गावचे वाटतात. ते तसे नाहीत, बरं का. गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा, त्रिनिदाद बेटाच्या बाजूचा. निळ्या-तांबड्या रेघेचा निऑन टेट्रा अमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. त्रिकोणी पंखांचा एंजल मासाही तिकडचाच. फायटर हा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. टायगर बार्ब सुमात्रा बेटाकडचा. गोल्डफिश चीनचा, तेथील लोकांनी त्याला हजार वर्षांपासून पाळून असा सोनेरी केला आहे. आणि झेब्रा नावाचा जो चपळ पट्टेवाला मासा आहे, तो मात्र आपल्या देशातला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टराने गंगेच्या माशांवर ग्रंथ छापला, त्यात त्याने या माशाची नोंद केली आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत शास्त्रज्ञ हाच मासा अभ्यासासाठी पाळतात.

आता यांतले बरेच मासे चेन्नई-कोलकात्याच्या बाजूला हौदांत पैदा होतात, हे खरे. पण हौदात जन्मला म्हणून माशाचा स्वभाव बदलत नाही आणि त्याची वाढही थांबत नाही.

म्हणून प्रत्येक माशाविषयी चार प्रश्न विचारावयाचे. त्याला पाणी कोणते हवे? त्याला ऊब किती हवी? तो वाढून केवढा होतो? आणि त्याचा स्वभाव कसा आहे?

पहिला प्रश्न पाण्याचा

पाणी सगळे सारखे दिसते. पण ते सारखे नसते. आपल्या विहिरीच्या पाण्यात साबण लावून पाहा. फेस लवकर येत नाही, कपडा चिकट लागतो, पाणी तापवण्याच्या भांड्याला पांढरे कीट बसते. असे पाणी जड समजावे. पुस्तकात त्याला ‘दुष्फेन’ पाणी म्हणतात. जमिनीतून झिरपताना पाण्यात चुन्यासारखे क्षार उतरतात, त्यामुळे ते जड होते. पावसाचे पाणी हलके असते. त्यात साबणाचा भरपूर फेस होतो.

गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना जड पाणी मानवते. झेब्राही त्यात सुखाने राहतो. निऑन टेट्राचे तसे नाही. त्याच्या मूळ मुलखातले पाणी अगदी हलके आणि थोडे आंबट असते. आपल्या विहिरीच्या पाण्यात तो आणून सोडला, तर काही दिवस दिसेल आणि मग एकेक करून संपेल. त्यात दुकानदाराचा दोष नाही आणि माशाचाही नाही. आपले पाणी त्याचे नव्हे, एवढेच.

पाणी बदलून मासा ठेवण्यापेक्षा पाणी पाहून मासा निवडावा. यात खर्च कमी आणि पापही कमी.

दुसरा प्रश्न उबेचा

माशाचे रक्त आपल्यासारखे गरम राहत नाही. पाणी जितके गार, तितका तो गार. गप्पी, झेब्रा, प्लॅटी या माशांना साधारण २४ ते २८ अंश ऊब बरी वाटते. आपल्याकडे वर्षाचे बरेच महिने पाणी तेवढे असते. थंडीत रात्री ते खाली उतरते. झेब्रा आणि गप्पी त्यातही तग धरतात. नाजूक मासे धरत नाहीत. गोल्डफिशला याउलट गारवा हवा, १८ ते २२ अंशांच्या आसपास. म्हणजे एकाला सुखी केले, की दुसरा दुःखी होणार. तरी पुष्कळ पेट्यांतून गोल्डफिश आणि गप्पी एकत्र दिसतात, कारण दोन्ही स्वस्त आणि दोन्ही सुंदर.

पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवू नये. वैशाखात पाणी फार तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. शिवाय उन्हाने पाण्यात हिरवे शेवाळ माजते.

तिसरा प्रश्न वाढीचा

दुकानात सगळे मासे बोटाएवढे असतात. ती पिल्ले आहेत, हे आपण विसरतो. शेळीचे करडू आणि म्हशीचे रेडकू दोन्ही गोजिरवाणी. पण दोहोंना एकच खुंटी पुरत नाही.

काच चाटणारा काळा सकर मासा पाहा. ‘हा पेटी साफ करतो’ असे सांगून तो विकतात. घेताना तो दोन इंचांचा असतो. वाढतो तेव्हा एक फुटाहूनही मोठा होतो. आपल्या पेटीची रुंदीच मुळी एक फूट! त्याला धड वळताही येणार नाही. शिवाय तो घाण खाऊन पाणी साफ करतो, हा गैरसमज आहे. तो शेवाळ खातो, हे खरे. पण तो स्वतः पुष्कळ घाण करतो. गोल्डफिशही सात-आठ इंचांचा होतो आणि पाणी फार लवकर खराब करतो. एंजल तळहाताएवढा होतो. मग लहान निऑन त्याला शेजारी वाटत नाही, घास वाटतो.

येथे एक सोपा नियम सांगतो. जो ज्याच्या तोंडात मावतो, तो त्याच्या पोटात जातो. यात दुष्टपणा नाही. तो माशांचा धर्म आहे. आपण मात्र दोघांना एका पेटीत घालू नये.

चौथा प्रश्न स्वभावाचा

काही मासे आकाराने लहान, पण फार खोडकर. टायगर बार्बला दुसऱ्याच्या लांब शेपट्या कुरतडण्याची सवय असते. त्याच्याबरोबर गप्पी किंवा एंजल ठेवला, तर त्याच्या शेपटीची लक्तरे होतात. टायगर बार्ब ठेवायचेच असतील, तर सहा-आठ एकत्र ठेवावेत; मग ते आपापसांत खेळतात. तरी लांब शेपटीवाले शेजारी त्यांना देऊच नयेत.

फायटरचे नावच त्याचा स्वभाव सांगते. दोन नर एका पेटीत म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. गप्पीच्या नराची झुबकेदार रंगीत शेपटी पाहून फायटरला तो आपलाच वैरी वाटतो आणि तो त्याच्यावर धावतो. फायटरला वर येऊन हवेचा श्वास घेता येतो. म्हणून दुकानदार त्याला पेल्याएवढ्या बाटलीतही ठेवतात. जगतो, म्हणून तो तेथे सुखी असतो, असे समजू नये. त्यालाही मोठी जागा, ऊब आणि स्वच्छ पाणी लागते.

याउलट काही मासे कळपाचे असतात. झेब्रा एकटाच ठेवला तर बावरतो, नाही तर दुसऱ्यांच्या मागे लागतो. निदान सहा असावेत. लोक म्हणतात, ‘प्रत्येक जातीची एकेक जोडी घेऊ, म्हणजे विविधता येईल.’ कळपाच्या माशांना हा न्याय लागू नाही. दहा जातींचे वीस मासे ठेवण्यापेक्षा दोन जातींचे चौदा बरे. ते निर्धास्त हिंडतात आणि पाहणाऱ्यालाही समाधान होते.

आपल्या देशातला मासा म्हणजे आपल्या पेटीत चालेलच, असेही नाही. केरळातल्या डोंगरी ओढ्यांत एक देखणा मासा असतो. त्याला ‘मिस केरळ’ म्हणतात. त्याच्या अंगावर तांबडी आणि काळी रेघ असते. त्याला गार, वाहते पाणी आणि मोठी जागा हवी; तो पाच-सहा इंच वाढतो. पेटीवाल्यांच्या हौसेपायी ओढ्यांतून तो इतका धरला गेला, की आज तो धोक्यात आलेल्या माशांत गणला जातो. असा मासा दुकानात दिसला, तर पाहून पुढे जावे.

आणखी एक सावधगिरी. काही पारदर्शक माशांना सुईने रंग टोचून विकतात. तो रंग पुढे उडतो आणि मासा आजारी पडतो. भडक गुलाबी, भडक हिरवा ठिपका दिसला, की हात आखडावा.

वनस्पती कशासाठी?

आता वनस्पतींकडे वळू. पाणवनस्पती केवळ शोभेसाठी नसतात. उजेडात त्या पाण्यातला कर्बवायू घेतात आणि प्राणवायू देतात. माशांच्या घाणीतले द्रव्य खत म्हणून शोषून घेतात. भित्र्या माशाला आडोसा देतात. दोन माशांचे पटत नसले, तर मध्ये गवताचा पडदा असला म्हणजे निम्मे भांडण मिटते.

मासे, वनस्पती आणि गोगलगाय यांचे हे नाते लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली लोकांपुढे मांडले. त्याने एका पेटीत दोन गोल्डफिश ठेवले आणि व्हॅलिस्नेरिया नावाचे लांब पात्यांचे पाणगवत लावले. गवताने प्राणवायू दिला. पण गवताची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. मग त्याने पाण्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले आणि पाणी निवळले. तिघांनी एकमेकांचे काम केले. चांगली पेटी म्हणजे असा संसार.

पण वनस्पतीही निवडूनच घ्यावी लागते. तिलाही पाणी, उजेड आणि शेजारी मानवावे लागतात.

व्हॅलिस्नेरिया आपल्या जड पाण्यात चांगली येते. तिची पाती फितीसारखी लांब असतात, म्हणून ती मागच्या काचेला लावावी. लावताना मुळे वाळूत जावीत, पण पाती जेथून फुटतात तो गड्डा वाळूच्या वर राहावा. गड्डा पुरला तर तो कुजतो. स्ट्रॉबेरीच्या वेलासारखी ती आडवे धुमारे सोडते आणि एकीच्या चार होतात.

हायड्रिला आपल्याकडच्या तळ्यांतून आपोआप उगवते. ती भराभर वाढते आणि नव्या पेटीतली घाण शोषायला फार उपयोगी पडते. दर आठवड्याला तिची छाटणी मात्र करावी लागते. तळ्यातून आणलेली वनस्पती तशीच पेटीत घालू नये. तिच्याबरोबर जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि या अळ्या लहान मासे धरून खातात. ती धुऊन निदान पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवावी आणि रोज निरखावी.

ज्याला फार खटाटोप नको, त्याने जावा फर्न घ्यावे. ते वाळूत पुरायचे नाही. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचे. त्याला थोडा उजेड पुरतो आणि बहुतेक मासे त्याला तोंड लावीत नाहीत. कॅबोम्बा नावाची पिसासारखी नाजूक वनस्पती दुकानात फार मोहक दिसते; पण तिला हलके पाणी आणि भरपूर उजेड लागतो. आपल्या पाण्यात तिची पाने झडतील आणि पेटीत कचरा होईल.

वनस्पती आणि मासे यांचेही जमावे लागते. गोल्डफिश हा पाण्यातली शेळीच. हायड्रिलासारखी कोवळी वनस्पती तो फस्त करतो आणि मुळे उकरतो. गप्पी आणि झेब्रा पाने खात नाहीत. गप्पीची नुकती जन्मलेली पिल्ले दाट पानांत लपून वाचतात.

काही दुकानांत कुंडीतल्या जमिनीवरच्या वनस्पतीही पाण्यात बुडवून विकतात. त्या दोन-तीन आठवडे टवटवीत राहतात आणि मग सडतात. खोड ताठ आणि पान जाड, चकचकीत दिसले, तर विचारून घ्यावे की ही कायम पाण्याखाली राहते का.

रोज आठ तास दिवा पुरे. रात्री दिवा मालवावा. अंधारात वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून मोटरीचे बुडबुडे किंवा फिल्टर रात्री बंद करू नये. ‘रात्री मासे झोपतात, मोटर कशाला?’ हा हिशेब चुकीचा आहे.

मासे आणण्याची घाई नको

पेटी भरली, की त्याच संध्याकाळी मासे सोडावेत असे सगळ्यांना वाटते. येथेच पहिले मासे मरतात. का, ते ऐका.

माशाच्या मलमूत्रापासून आणि उरलेल्या खाद्यापासून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी निर्मळ दिसते आणि मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. पुढे वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात बारीक जंतू वाढतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते फारसे बाधत नाही, आणि वनस्पती ते खत म्हणून घेतात. हे जंतू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधाला विरजण लावल्यावर आपण लगेच ताक घुसळायला बसतो का? तसेच हे.

म्हणून आधी वाळू आणि वनस्पती. फिल्टर चालू. रोज माशांच्या खाद्याची नखभर चिमूट पाण्यात टाकावी, म्हणजे जंतूंना अन्न मिळते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुकानदाराकडून पाणी तपासून घ्यावे. अमोनिया आणि नायट्राइट नाहीत असे दिसले, म्हणजे थोडे मासे आणावेत. सगळे एकदम नकोत.

नळाच्या पाण्यात आणि औषध टाकलेल्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन असते. असे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे, नाही तर क्लोरीन मारणारे औषध त्यात घालावे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी काढून वाळू नि स्पंज नळाखाली घासून धुऊ नये; तसे केले, की आपले उपकारी जंतू मरतात आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

आपल्या पेटीचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. तीन फूट गुणिले एक फूट गुणिले सव्वा फूट, म्हणजे पावणेचार घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणजे सुमारे १०५ लिटर झाले. वाळू, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली, तर खरे पाणी सुमारे ८५ लिटर. त्याचे वजन ८५ किलो. वाळू आणि काच धरली, तर भार एक क्विंटलाच्या वर जातो. तेव्हा वाचनालयातले हलणारे मेज चालणार नाही. भक्कम चौथरा हवा.

लहान, सडपातळ माशांसाठी ढोबळ नियम असा, की माशाच्या एका इंचाला चार लिटर पाणी. त्या हिशेबाने आपल्या पेटीत २१ इंच मासे मावतात. झेब्रा दीड इंचाचा. आठ झेब्रे म्हणजे १२ इंच. गप्पीचा नर सव्वा इंचाचा. सहा नर म्हणजे साडेसात इंच. बेरीज साडेएकोणीस. बस्स! अंथरूण पाहूनच पाय पसरावे.

गप्पीचे फक्त नरच का? मादी महिन्या-सव्वा महिन्याला वीस-तीस, कधी त्याहून जास्त पिल्ले देते. सहा महिन्यांत पेटी भरून वाहील, आणि ती पिल्ले कोणाच्या गळ्यात घालायची, हा प्रश्न पडेल. मादीशिवायही नर आनंदाने राहतात. उलट रंग त्यांचेच सुंदर.

या दोन्ही जातींना आपले जड पाणी चालते, आपली हवा चालते. एकाच्या तोंडात दुसरा मावत नाही. मागे व्हॅलिस्नेरिया, एका कोपऱ्यात हायड्रिला, मध्ये दगडावर जावा फर्न आणि तळाशी दोन-चार गोगलगाई. गोगलगाई एकाएकी फार वाढल्या, तर समजावे की आपण खाद्य जास्त टाकतो आहोत.

दुकानात जाताना एक कागद न्यावा. त्यावर चार रकाने आखावेत: नाव, पाणी, पूर्ण वाढ, स्वभाव. नवा मासा आवडला, तर घेऊ नये. आधी त्याचे नाव लिहून आणावे, चौकशी करावी, मग ठरवावे. आता आपणांस लिहिता येते ना? मग त्याचा उपयोग येथेच करा. तसेच पेटीजवळ एक वही टांगा. खाद्य कोणी घातले, पाणी केव्हा बदलले, कोणता मासा सुस्त दिसला, हे तारीख घालून लिहा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून दोनदा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने प्रेमाने चिमूट टाकली, तर मासे त्या प्रेमानेच मरतील.

नको झालेला मासा

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निवड चुकली आणि मासा मोठा झाला, की लोक काय करतात? ‘मारण्यापेक्षा सोडून देऊ,’ असे म्हणून त्याला नदीत, ओढ्यात, गावतळ्यात सोडतात. मनात दया असते; पण घडते भलतेच.

सकर मासा असाच पेट्यांतून बाहेर पडला आणि आंध्र, तमिळनाडू, बंगाल इकडच्या तळ्यांत माजला. त्याचे अंग कवचासारखे कठीण आणि काटेरी. तो जाळ्यात आला, की जाळे फाटते. बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. तो इतर माशांचे अन्न खातो आणि काठ पोखरतो. ज्या कोळ्याचे पोट त्या तळ्यावर आहे, त्याने काय करावे?

जलपर्णी तर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती दक्षिण अमेरिकेची. सुंदर जांभळ्या फुलांसाठी लोकांनी ती देशोदेशी नेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली. आज पंचगंगा, इंद्रायणी, पवना यांच्या पात्रांवर तिची हिरवी चटई पसरते. खाली उजेड जात नाही, प्राणवायू उरत नाही. एका फुलाच्या हौसेची किंमत नद्या देत आहेत.

उजनीचा चिलापी आपणांस ठाऊक आहे. मूळ आफ्रिकेचा हा तिलापिया देशात १९५२ साली खाण्यासाठी म्हणून आणला गेला. लोक तो खातात, विकतात, त्यावर पोटही भरतात. पण त्याने एकदा पाय रोवल्यावर पुष्कळ पाण्यांत आपले जुने मासे मागे पडले. आणलेला मासा परत पाठवता येत नाही.

कोणी म्हणेल, ‘मग आरोग्य खाते गप्पी सोडते ते?’ डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी १९०८ साली आपल्या देशात आणला गेला. खात्याची माणसे सांगतील तेथे, बंदिस्त टाकीत किंवा हौदात तो सोडणे वेगळे. आपल्या मनाने वाहत्या ओढ्यात सोडणे वेगळे. तेथे तो आपल्याच माशांची अंडी-पिल्ले खातो.

तेव्हा आपल्या वर्गाचा नियम असा असावा. पेटीतला मासा, पेटीतली वनस्पती आणि पेटीचे पाणीसुद्धा नदी-नाल्यात जाणार नाही. जास्तीचा मासा दुकानदाराला परत द्यावा, नाही तर ज्याच्याकडे जागा आहे त्याला द्यावा. छाटलेली वनस्पती उन्हात वाळवून खतात टाकावी. बदललेले पाणी झाडांना घालावे. त्यासारखे दुसरे खत नाही.

मुका जीव आपण होऊन आपल्या घरी येत नाही. आपण त्याला आणतो. आणल्यावर त्याला पाणी, जागा आणि शेजारी आपणच देतो. त्याला त्यातले काहीच निवडता येत नाही. म्हणून सगळी निवड आपण नीट करावी, एवढेच आमचे सांगणे.

विचार करा आणि सांगा

१. आपल्या घरचे पाणी जड की हलके? कसे ओळखाल?
२. गोल्डफिश आणि गप्पी एका पेटीत का ठेवू नयेत?
३. नव्या पेटीत पहिल्याच दिवशी मासे सोडले तर काय होईल?
४. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत किती लिटर पाणी मावेल?
५. नको झालेला मासा नदीत का सोडू नये?